मे महिन्यात कोल्हापुरातनं महाबळेश्वर : नऊ माणसं आणि एक शंभर पानी वही

एप्रिल निम्मा झाला की आमच्या घरात रोज जेवणानंतर एकच विषय असतो, यंदा कुठं जायचं. कोकण म्हणलं की उकाडा, गोवा म्हणलं की आई येणार नाही, पन्हाळा तर आपल्या उशालाच आहे, वीस किलोमीटरवर, तिथं आपण रविवारी संध्याकाळी झुणका-भाकरी खायला पण जातो, आणि आंबोलीची खरी मजा पावसात. मग फिरून फिरून गाडी महाबळेश्वरावर येऊन थांबते. आत्तापर्यंत आम्ही सगळे मिळून मे महिन्यात चार वेळा जाऊन आलोय. दोनदा लई भारी झालं, एकदा बरं झालं, आणि एकदा असं झालं की परत येताना किणी टोलनाक्यापर्यंत गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

त्या एका वेळेतनं शिकलो ते असं की ट्रिप बिघडते ती घरात, ठरवताना. डोंगरावर गेल्यावर ते फक्त कळतं. त्यामुळं पॉइंट कुठले बघायचे हे मी अगदी शेवटी सांगणार आहे, तोवर जरा दम धरा.

आधी माणसं मोजा, मग दिवस

वही घ्या. मोबाईलमध्ये नको, साधी शंभर पानी वही, कारण ती सगळ्यांना दिसते. पहिल्या पानावर कोण कोण येणार, वय किती आणि त्याला काय झेपत नाही एवढंच लिहायचं. आमचं पान असं होतं : आई ७२, गुडघे, पायऱ्या नकोत. आत्ती ७६, सकाळी सातला चहा आणि गरम पाणी नसेल तर दिवस गेला. बहीण, दाजी, त्यांची चार वर्षांची पोरगी, घाटात उलटी. मी, बायको, पंधरा वर्षांचा मुलगा ज्याला कशातच इंटरेस्ट नाही आणि अकरा वर्षांची मुलगी जिला सगळ्यातच आहे. झाले नऊ.

हे पान बघूनच निम्मे निर्णय होतात. नऊ माणसं सात सीटरमध्ये बसत नाहीत, दोन गाड्या किंवा एक मोठी गाडी लागणार. आईला पायऱ्या नकोत म्हणजे तळमजल्याची खोली लागणार. भाची दुपारी झोपते म्हणजे दुपारी एक ते चार कुठं जायचं नाही. जो सगळ्यात हळू चालतो त्याच्या चालीनं ट्रिप आखायची. तरण्या पोरांच्या चालीनं आखली की म्हातारी माणसं गाडीत बसून राहतात आणि वर "आमचं काय, तुम्ही बघून या" म्हणतात, ते ऐकायला फार वाईट असतंय.

आता तारीख. स्टेट बोर्डाच्या पोरांना मे महिना मोकळा असतो आणि शाळा जूनच्या मध्याला उघडते, पण भाचे-पुतण्यांमध्ये कोण सीबीएसईचं असेल तर त्यांचं वर्ष एप्रिलातच चालू झालेलं असतं आणि सुट्टीच्या तारखा वेगळ्या असतात, त्या शाळेचा मेसेज बघून लिहा, अंदाजानं नको. लग्नाच्या पत्रिका पण त्याच पानाला टाचा. आम्ही एकदा सगळं बुक केलं आणि मग आठवलं की दाजींच्या चुलत भावाचं लग्न त्याच बुधवारी आहे.

दिवस शक्यतो सोमवार ते गुरुवार धरा. शनिवार-रविवारी पुणे-मुंबईचं सगळं पब्लिक वर येतं, पसरणी घाटापासून रांग लागते, आणि १ मेला जोडून शनिवार-रविवार आला तर विचारूच नका. आम्ही एका शनिवारी वाईतनं दुपारी बाराला निघालो ते पाचगणीत पोचायला अडीच वाजले, एरवी अर्ध्या तासाचा रस्ता. जूनचा पहिला आठवडा खोल्यांच्या दृष्टीनं स्वस्त पडतो खरा, पण वळीव आणि धुक्यात सगळे पॉइंट पांढरे, आणि एकदा मान्सून लागला की तिथला पाऊस म्हणजे आपला पाऊस नव्हे, वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणून मेचा पहिला पंधरवडा आमच्यासाठी बरा.

आणि पोरांना घरातच सांगून ठेवा की मे महिन्यात स्ट्रॉबेरीचे मळे लाल झालेले दिसत नाहीत. स्ट्रॉबेरीचा खरा सीझन डिसेंबर ते मार्च, एप्रिलात संपत आलेला असतो. मुलीनं फोटोत बघितलेलं, टोपली घेऊन आपण तोडायच्या, आणि तिथं गेल्यावर शेतात नुसती वाळलेली पानं आणि प्लॅस्टिकचा कागद. रडली. मे महिन्यात तुती, करवंदं, जांभळं मिळतात, ती पण मस्त, फक्त आधी सांगितलेलं असावं.

गाडीचा हिशोब, इथं पैसे वाचतात किंवा जातात

कोल्हापूर ते महाबळेश्वर साताऱ्यावरनं साधारण १७५-१८० किलोमीटर. तीन पर्याय आहेत.

स्वतःच्या दोन गाड्या. येऊन-जाऊन ३६०, वर फिरायला १२० धरा, म्हणजे ४८० किलोमीटर. लिटरला १२ चं ॲव्हरेज धरलं (घाटात कमीच पडतं) तर एका गाडीला ४० लिटर. त्याला आजच्या भावानं गुणा, दोन गाड्या म्हणजे दुप्पट, वर टोल. अडचण एवढीच की घाटात चालवणारी दोन माणसं लागतात आणि त्या दोघांची सुट्टी स्टेअरिंगवर जाते.

दुसरा पर्याय भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर किंवा क्रूझर. इथं लोक फसतात म्हणजे कोण फसवतं असं नाही, आपणच विचारत नाही. भाडं किलोमीटरवर असतं पण रोजचे कमीत कमी किलोमीटर ठरलेले असतात, बहुतेक ठिकाणी २५० किंवा ३००. आता तुम्ही चार दिवस गाडी ठेवली तर ३०० नं १२०० किलोमीटरचे पैसे लागणार, आणि तुमची गाडी पळणार ४८०. वर ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा मुक्काम, टोल, पार्किंग वेगळं. म्हणून सरळ विचारायचं, "नुसतं सोडून यायचं आणि चौथ्या दिवशी आणायला यायचं, असं काय होईल?" कधी कधी रिकाम्या फेऱ्यांचे पैसे धरून पण ते स्वस्त पडतं आणि वर फिरायला तिथली टॅक्सी घेता येते. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा मगच ठरवा. गाडी ठेवणारच असाल तर ड्रायव्हर कुठं झोपणार आणि कुठं जेवणार हे हॉटेलला आधी विचारून घ्या. रात्रभर सीटवर आखडून झोपलेल्या माणसाच्या हातात सकाळी आंबेनळी घाटात आपली नऊ माणसं द्यायची नसतात.

तिसरा पर्याय एसटी, आणि याला नाकं मुरडू नका. महिलांना अर्धं तिकीट आहे (मार्च २०२३ पासून), ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५ च्या वर फुकट, ५ ते १२ ची पोरं अर्धं आणि पाचच्या आतलं पोर फुकट. आमचं गणित केलं : मी, दाजी आणि मुलगा तीन फुल, आई, बायको, बहीण, मुलगी चार हाफ म्हणजे दोन फुल, आत्ती आणि भाची फुकट. नऊ माणसं पाच तिकिटात! आधार कार्ड मात्र प्रत्येकाचं जवळ पाहिजे. थेट गाडीची वेळ कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवर (सीबीएस) आधी विचारा, ती जमली नाही तर साताऱ्याला उतरून तिथनं महाबळेश्वरची गाडी. नऊ माणसांच्या बॅगा घेऊन स्टँडवर चढउतार करायची तयारी असेल तरच. रेल्वेच्या नादाला लागू नका, सातारा स्टेशन गावापासून लांब आहे आणि घाट परत रस्त्यानंच चढायचाय.

वर फिरायला तिथल्या टॅक्सी स्टँडवर ठरलेल्या सहली असतात, महाबळेश्वर दर्शन, प्रतापगड दर्शन, पाचगणी दर्शन, तापोळा दर्शन, आणि रेट ठरलेले असतात. कुठल्या सहलीत कुठले पॉइंट येतात ते बसायच्या आधी विचारून घ्या, उतरल्यावर वाद घालून उपयोग नाही.

खोली : फोन करा, आणि कंटाळा येईपर्यंत विचारा

आमची बिघडलेली ट्रिप इथंच बिघडली होती. फोटो बघून बुक केलं, फोटोत दरी, गॅलरी, वेताच्या खुर्च्या. गेल्यावर कळलं की दरी हॉटेलला आहे, आमच्या खोल्यांना नाही, आमच्या खिडकीसमोर एक भिंत आणि त्या भिंतीवर पाण्याची टाकी. वर खोल्या उतारावर खालच्या अंगाला, रिसेप्शनपासून बेचाळीस पायऱ्या, आईनं मोजल्या. दिवसातनं तीन वेळा जेवायला वर आणि तीन वेळा खाली. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली मला डबा इथंच आणून दे. मॅनेजरला काय बोलणार, फोटो खोटा नव्हताच, आम्ही विचारलंच नव्हतं.

आता बायको फोन करते आणि स्पीकरवर ठेवते, मी लिहून घेतो. काय विचारते ते सांगतो. कुठल्या नंबरच्या खोल्या देणार, त्या खोलीतनं काय दिसतं, गाडी लावतो तिथनं खोलीपर्यंत पायऱ्या किती. कमोड आहे का, बाथरूममध्ये धरायला काय आहे का. गरम पाणी दिवसभर की सकाळचेच दोन-तीन तास. लाईट गेली तर जनरेटरवर काय काय चालतं. चेकआउट किती वाजता, कारण सीझनला काही ठिकाणी सकाळी नऊ-दहालाच खोली रिकामी करून मागतात आणि चेकइन मात्र दुपारी. जादा गादीचे किती. एसीचे पैसे लावत असतील तर एसी नको म्हणून सांगा, मे महिन्यात पण रात्री पांघरूण लागतंय.

जेवणासकट घ्यायचं का नुसतं राहायचं हा मोठा प्रश्न. बरीच हॉटेलं तिन्ही जेवणांसकट माणशी रेट लावतात आणि जेवण बहुतेक गोडसर, गुजराती वळणाचं थाळी टाईप. म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना ते सोयीचं आहे, शोधाशोध नाही. पण आपली कोल्हापूरची जीभ, तिसऱ्या दिवशी दाजी दालफ्रायमध्ये वरनं घरनं आणलेली लसणाची चटणी कालवून खात होते. आम्ही आता नाष्टा आणि रात्रीचं जेवण हॉटेलात धरतो, दुपारचं बाहेर.

बिलात जीएसटी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आहे, आधी १२ होता, त्याच्या वर १८. "टॅक्स धरून किती" असा एकच आकडा मागून घ्या.

आणि सावध राहा, सीझनला हॉटेलांच्या नावानं खोट्या वेबसाईट आणि खोटे नंबर फिरतात. पूर्ण पैसे आगाऊ द्या, आजच द्या, नाहीतर खोली जाईल, असं कोण मागं लागलं की थांबायचं. नकाशावर हॉटेल शोधून तिथल्या नंबरवर फोन करा, एखादा लँडलाईन असेल तर उत्तम, आणि दोन्हीकडं तुमचं बुकिंग सापडतंय का बघा. क्यूआर कोडवर नाव माणसाचं येतंय की हॉटेलचं तेही बघा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन. तेवढी डोकेदुखी नको असेल तर एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, ऑनलाईन बुकिंग, पण त्या खोल्या फार लवकर जातात, सुट्टीसाठी मार्चमध्येच बघायला लागतं.

महाबळेश्वर की पाचगणी? अंतर वीस किलोमीटरच्या आतबाहेर. बाजारात संध्याकाळी चालत फिरायचं असेल तर महाबळेश्वर. शांतता पाहिजे आणि पोरं लहान असतील तर पाचगणी-भिलारकडं बघा.

बॅगा

यात फार लिहायचं नाही. प्रत्येकाला एक स्वेटर किंवा जाड शाल, दिवसा तिशीच्या आसपास असतं पण संध्याकाळी पॉइंटवर वारा सुटला की आत्तींची पंचाईत होते. घट्ट चपला किंवा बूट, रोजची औषधं दोन दिवस जास्तीची, टोपी, पत्त्यांचे दोन कॅट. रोख पैसे सुट्ट्यांसकट, कारण नगरपालिकेच्या नाक्यावर, पार्किंगला, पॉइंटवरच्या पावतीला लागतात आणि रेंज जाते तिथं फोनवरनं पैसे जात नाहीत. फास्टॅगमध्ये बॅलन्स आदल्या रात्री बघा. खाण्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि भडंग. भडंग जरा बेतानं, का ते पुढं येतंय.

निघायचा दिवस

पहाटे पाचला तावडे हॉटेलचा फाटा पार झालेला पाहिजे. आमच्याकडं पाच म्हणजे साडेसहा असतात, म्हणून मी सगळ्यांना चार सांगतो. हायवेला सहापदरीच्या कामानं ठिकठिकाणी वळवलेला रस्ता असतो, घाई करून उपयोग नाही. पेठ नाका, कराड, उंब्रज करत साताऱ्याला आठच्या सुमारास नाष्टा, आणि टाकी साताऱ्यातच फुल करा.

साताऱ्यातनं दोन रस्ते. एक मेढा-केळघर घाटातनं वर, साधारण ५५ किलोमीटर. दुसरा हायवेनंच पुढं आनेवाडीचा टोल भरून पाचवडला डावीकडं वळून वाई, पसरणी घाट, पाचगणी. जाताना मेढ्यानं जा आणि येताना वाईनं या. पुण्या-मुंबईकडची गर्दी वाईनं चढते, मेढ्याच्या रस्त्याला त्यामानानं निवांत असतं, आणि वाई-पाचगणी परतीच्या वाटेवर बघून होतं.

घाटाचं. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जाऊ नका, सारखा ब्रेक दाबला की ब्रेक तापून लागत नाही. अरुंद जागी समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे, आणि तो आपल्याकडं कोणाला माहीत नसतोय. धुकं असलं तर लाईट डीपरवर, फुल केला की समोर नुसता पांढरा पडदा.

आता भडंग. भाची केळघरपर्यंत एकदम खुशीत, मांडीवर भडंगाची पुडी, खिडकीतनं माकडं मोजतीय. घाट सुरू झाला, पहिलं वळण, दुसरं वळण, बडबड बंद झाली. मी आरशातनं बघितलं तर तोंड पांढरं आणि ओठ घट्ट. बहिणीला म्हणलं "पिशवी काढ", ती म्हणाली "कुठल्या बॅगेत?" आणि तिसऱ्या वळणावर दाजींचा नवा पांढरा शर्ट गेला, कांदा, शेंगदाणे, सगळ्यासकट. डिक्कीतल्या बॅगेत पिशव्या होत्या, चांगल्या डझनभर. तेव्हापासून पिशव्या, पाण्याची बाटली, ओला नॅपकिन आणि लिंबू पुढच्या सीटच्या खिशात असतं. घाटाच्या आधी तास-दीड तास तेलकट काही नाही, मोबाईल बघायचा नाही, ज्याला त्रास होतो तो पुढं किंवा खिडकीशी, काच खाली. गोळी द्यायची तर डॉक्टरांना डोस विचारून, घाट लागायच्या अर्धा तास आधी, उलटी झाल्यावर देऊन ती बाहेरच येते. आलेपाक चघळायला दिला तरी बऱ्याच जणांना पुरतं.

वर गेल्यावर : रोज सकाळी एक, संध्याकाळी एक, दुपारी काही नाही

आता पॉइंट. गावात यादी मिळते, वीस-पंचवीस नावं असतात, इंग्रज साहेबांची आणि त्यांच्या पोरीबाळींची. सगळे बघायला गेलात तर संध्याकाळपर्यंत एक दरी दुसऱ्या दरीसारखीच दिसायला लागते. तीन मुक्कामांचा आमचा बेत असा असतोय.

पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास पोचतो, खोली मिळालेली नसते, मग बॅगा हॉटेलात टाकून क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुनं महाबळेश्वर. महाबळेश्वराचं देऊळ आणि शेजारी पंचगंगेचं. तिथं दगडी गोमुखातनं धार पडते, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री पाच नद्यांचं पाणी एकत्र म्हणतात. आई पहिल्यांदा गेली तेव्हा पाटी वाचून थबकलीच, "पंचगंगा? ही आपली?" आपली वेगळी, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वतीची, पण ती पुढं नरसोबाच्या वाडीला ह्याच कृष्णेला जाऊन मिळते, म्हणजे पाहुणे निघाले. आईनं पदर खोचला, गोमुखाखाली बाटली धरली, पाणी भरेपर्यंत मागच्या रांगेतल्या बायकांना वाडीचं सगळं महात्म्य सांगून झालं. तिच्या सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात आनंदाचा अर्धा तास तोच. इथं फरशी ओली असते, म्हाताऱ्या माणसांचा हात धरा.

दुसऱ्या दिवशी ज्यांना उठवतंय त्यांनी उजाडायला विल्सन पॉइंट, सगळ्यात उंच जागा, गाडी अगदी जवळ जाते. मग नाष्टा करून वेण्णा लेकला बोटिंग उघडल्या उघडल्या, संध्याकाळी तिथं जत्रा असते. लाईफ जॅकेट पोरांच्या मापाचं मागून घ्या, मोठं गळ्यातनं निघून येतं. घोड्याचे पैसे आणि फेरी केवढी हे पोराला घोड्यावर बसवायच्या आधी ठरवा, बसल्यावर ठरवणारा तुम्ही नसता. दुपारी झोप. मी परत लिहितो, झोप. पत्ते, गप्पा, गॅलरीत पाय पसरून बसणं, थंड हवेच्या ठिकाणी जाऊन दुपारच्या उन्हात पार्किंग शोधत फिरण्यात काय शहाणपण आहे? संध्याकाळी बॉम्बे पॉइंटला सूर्यास्त, तासभर आधी.

तिसऱ्या दिवशी आम्ही फुटतो. तरणी मंडळी सकाळी लवकर प्रतापगड, आंबेनळी घाटानं वीस-बावीस किलोमीटर. १६५९ ला अफझलखानाचा वध झाला तो ह्याच गडाच्या पायथ्याला. आपला पन्हाळा आणि हा प्रतापगड दोन्ही जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेत, बारा किल्ल्यांमध्ये. माझ्या कशातच इंटरेस्ट नसलेल्या मुलानं तिथं स्वतःहून गाईड लावायला सांगितलं, मी काही बोललो नाही, गुपचूप पैसे दिले. वर पायऱ्या चढायला लागतात, म्हणून आई, आत्ती आणि भाची गावातच. त्यांच्यासाठी केट्स पॉइंट, फार चालायला लागत नाही आणि खाली धोम धरणाचं पाणी दिसतं. आर्थर सीट मात्र वेळ राखूनच करा, पार्किंगपासून चाल आहे. लिंगमळा धबधबा मे महिन्यात आशा ठेवून बघायला जाऊ नका, धार करंगळीएवढी.

माकडांचं एक सांगायचं राहिलं. हातात पिशवी दिसली की गेली. कणीस, आईस्क्रीम गाडीत बसून खा, आणि माकडाला खायला द्यायचं नाही, फोटोसाठी पण नाही.

बाजारात चणे घ्या, गरम असताना घ्या. मध घ्या, मांघर नावाचं तिथलं गाव २०२२ ला देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, आपल्याकडं भुदरगडात पाटगाव आहेच, दोन्हीकडचा मध शेजारी ठेवून चव बघायचा आमचा बेत अजून राहिलाय. चपला घेऊ नका. आत्तींनी घेतल्या. कोल्हापुरात जन्म काढलेल्या बाईनं महाबळेश्वरातनं चपला आणल्या म्हणून दाजी त्यांना आज पण चिडवतात.

परतीचा दिवस

खोली सोडायचीच असते लवकर, मग आठला निघा. गुरेघर, पाचगणीचं टेबल लँड ऊन चढायच्या आत, तिथं सपाट आहे, आई पण आरामात चालली. त्याच्यानंतर भिलार, मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव, घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुठंही जाऊन बसायचं आणि वाचायचं, पैसे नाहीत. आमची मुलगी एका ओसरीवर बसली ती उठेना, त्या घरच्या आजींनी तिला पाणी आणून दिलं. तासभर धरा, आमचे दोन गेले. मग पसरणी घाट उतरून वाई, तिथं कृष्णेच्या घाटावरचा ढोल्या गणपती, जेवण, आणि पाचवडला हायवे. साताऱ्यात कंदी पेढे, पाव किलो जास्तच घ्या, शेजारी विचारतात.

कराडला थांबायचंच. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोरनं येऊन भेटतात, तीन दिवसांपूर्वी गोमुखात बघितलेल्याच ह्या दोघी, पोरांना तिथं उभं करून दाखवलं की भूगोलाचं पुस्तक लागत नाही. सावलीत बसायला बरंय, चहा मिळतो, आणि तिथंच वही काढायची. कोणी डिझेल घातलं, कोणी टॅक्सी दिली, कोणी चणे आणले, सगळं तिथल्या तिथं जुळवून ज्याचं त्याला देऊन टाकायचं. घरी पोचल्यावर बॅगा, कपडे, शाळेच्या याद्या सुरू होतात, आणि नातेवाईकांत पैसे मागायला जड जातं. आमच्या वहीत मागच्या वर्षीचा एकच आकडा खाडाखोड न होता राहिलाय, दाजींकडं ३४० रुपये, आणि त्याच्यापुढं त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, "शर्टाचे वजा करा".